क्यूएलसी एसएसडी लवकर ‘झिजते’ म्हणून घेऊ नये?

मोठ्या क्षमतेच्या एसएसडीबद्दल, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हबद्दल, एक भीती वर्षानुवर्षे फिरते आहे: चिपमधल्या एका सेलमध्ये (साठवणुकीच्या कप्प्यात) चार बिट साठवणारी क्यूएलसी ड्राइव्ह दोन-तीन वर्षांत लिहून लिहून संपते. घरच्या वापरासाठी हे खरं नाही.

सॅमसंग ८७० क्यूव्हीओचं ८ टीबी मॉडेल घ्या. वॉरंटीतली लेखनमर्यादा २,८८० टीबी. रोज ५० जीबी लिहिलं, आणि घरी एवढं क्वचितच होतं, तरी तो आकडा गाठायला दीडशेहून अधिक वर्षं लागतील. वॉरंटी मात्र ३ वर्षांचीच, हे लक्षात असू द्या. आपण किती लिहितो ते क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘टोटल होस्ट राइट्स’पुढे दिसतं. महिन्याच्या अंतराने दोनदा बघा आणि वजाबाकी करा.

खरी उणीव वेगात आहे. या ड्राइव्हचा वेगवान कॅश, म्हणजे डेटा आधी झटपट उतरवून घेण्याची जागा, ७८ जीबी, त्यातला ६ जीबी कायमचा. उरलेला ७२ जीबी रिकाम्या जागेतून उसना घेतलेला. कॅश भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला ५३० एमबीवरून १६० वर उतरतो. म्हणून लिहिण्याचा वेग तपासताना १५० जीबीची एकच फाइल दुसऱ्या एसएसडीवरून कॉपी करा. जुन्या हार्ड डिस्कवरून केलीत तर तिचाच वेग मोजला जाईल. ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर ही घसरण फार लवकर येते, तेव्हा थोडी जागा मोकळी ठेवाच.

आणि बॅकअप ठेवा. कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, कधीही जाऊ शकतो, त्याचा लेखनमर्यादेशी संबंध नाही.