पिंगळा गावातला, रानपिंगळा सातपुड्यातला

खानदेशात दिवेलागणीला जुन्या वडाच्या ढोलीतून किंवा पडक्या भिंतीच्या कपारीतून चिरचिरत बाहेर पडणारा ठिपकेवाला पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र सातपुड्याच्या सागवानी जंगलात राहतो. हा पक्षी संपलाच, असे शंभरेक वर्षे जग धरून चालले होते.

१८७३ मध्ये ब्रिटिश पक्षिअभ्यासक ह्यूम यांनी रानपिंगळ्याचे वर्णन केले आणि त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’ या वेगळ्या वंशात (जवळच्या जातींच्या गटात) ठेवले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद झाली नव्हती. मेनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याचा दावा केला होता. अमेरिकी पक्षिअभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा चोरी उघडी पडली. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षीच संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह मांडला होता! खोटे ठिकाण बाद झाले आणि खऱ्या जुन्या ठिकाणांवर शोध सुरू झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. आपल्या मातीचे नाव एका चिठ्ठीने पुसले होते, याचा मला आजही राग येतो.

पुढे डीएनएच्या अभ्यासाने दोघांना ‘अथेने’ या एकाच वंशात आणले. तरी दोघे ओळखायला अवघड नाहीत. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ सपाट तपकिरी, चोच मोठी, पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर पकडतो.

दोघांनाही घरट्यासाठी पोकळी लागते. पण गावातल्याला भिंतही चालते, म्हणून माणसाची वस्ती वाढली तरी त्याचे फारसे अडत नाही. रानपिंगळ्याला विरळ पानझडी जंगलातली जुनी, ढोली असलेली झाडेच हवीत. शेतीसाठी रान मोडले, सरपणाला वठलेली खोडे गेली, की त्याचे घर गेले.

म्हणूनच धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत (आययूसीएन) पिंगळा ‘चिंतामुक्त’ आहे. रानपिंगळा २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. मेळघाट, यावल, तानसा, खंडवा अशा ठिकाणी तो सापडत गेला, हे त्यामागचे मोठे कारण. त्यामुळे पाखरे वाढली असा अर्थ त्यातून काढू नये. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या अजूनही हजाराच्या आतच आहे.