मोठा प्रवाह मोजणारे छोटे रोहित्र

कारखान्याच्या मुख्य तारेतून 400 अँपिअरचा प्रवाह वाहत असेल, तर तो सरळ मीटरमधून नेणे व्यवहार्य नसते, आणि वाहिनी उच्च दाबाची असेल तर ते धोक्याचेही असते. अशा ठिकाणी करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच वायरमनच्या तोंडचा 'सीटी', बसवतात. पोलादी पातळ पत्र्यांपासून बनवलेल्या कड्याच्या आकाराच्या गाभ्यातून मुख्य तार एकदाच आरपार जाते. तोच प्राथमिक बाजूचा एकमेव वेढा. गाभ्यावर दुय्यम तारेचे 80 वेढे असतील, तर 400 अँपिअरला दुय्यम बाजूस 5 अँपिअर मिळतात. मीटर 3 अँपिअर दाखवू लागला, की मुख्य तारेत 240 अँपिअर आहेत असे समजावे.

नेहमीच्या रोहित्रात दुय्यम बाजूचा भार जितका, तितका प्रवाह प्राथमिक बाजू ओढते. सीटीमध्ये हे चालत नाही. मुख्य तारेतला प्रवाह किती असावा हे कारखान्यातील यंत्रे ठरवतात. सीटीला त्यात काडीचाही अधिकार नसतो. एरवी दुय्यम प्रवाह प्राथमिक प्रवाहाच्या चुंबकीय परिणामाला जवळजवळ पूर्ण छेद देतो आणि गाभ्यात अगदी थोडे चुंबकत्व उरते. पण मुख्य तारेत प्रवाह असताना दुय्यम परिपथ उघडा राहिला, तर हा विरोध नाहीसा होतो, सगळा प्रवाह गाभ्याचे चुंबकीकरण करू लागतो, गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि मोठ्या सीटीच्या उघड्या टोकांवर काही हजार व्होल्टचे झटके उमटू शकतात. म्हणूनच मीटर काढण्यापूर्वी दुय्यम टोके एकमेकांना जोडून शॉर्ट करतात. दाब मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'पीटी'च्या, म्हणजे पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत नियम बरोबर उलटा आहे, त्यामुळे येथे सवयीवर विसंबून चालत नाही.

बिलासाठीचा सीटी आणि संरक्षणासाठीचा सीटी यांत फरक असतो. मीटरच्या सीटीला नेहमीच्या प्रवाहात अचूक राहायचे असते. शॉर्ट सर्किटच्या वेळी तो लवकर संपृक्त झाला, तर मीटरचा बचाव होतो. रिलेच्या, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाच्या, सीटीला मात्र नेमक्या त्याच क्षणी खरे सांगावे लागते. त्याच्या पाटीवर '5पी20' असे लिहिलेले असेल, तर ठरलेल्या भारावर नेमून दिलेल्या प्रवाहाच्या 20 पटीपर्यंत चूक 5 टक्क्यांच्या आत राहते.

उच्च दाबाच्या ग्राहकांच्या बिलातील गुणक याच गणितातून येतो: 50/5चा सीटी 10 पट आणि 11,000/110चा पीटी 100 पट, म्हणून मीटरच्या नोंदीला 1000ने गुणायचे. घरातल्या आरसीसीबीमध्ये, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमध्येही हेच तत्त्व असते: फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच गाभ्यातून जातात. त्यांच्या प्रवाहांत गळतीमुळे फरक पडला, की दुय्यम वेटोळ्यात प्रवाह उमटून स्विच पडतो. माणसांच्या संरक्षणासाठी ही मर्यादा सामान्यतः 30 मिलिअँपिअर असते.

साधा टाँग टेस्टर हाही जबडा उघडणारा सीटीच आहे. बॅटरीच्या स्थिर डीसी प्रवाहापुढे मात्र तो निरुपयोगी ठरतो, कारण चुंबकत्व बदलत नसेल तर दुय्यम तारेत काहीच निर्माण होत नाही. तेथे स्थिर चुंबकत्वही ओळखणारा हॉल संवेदक असलेला मीटर घ्यावा लागतो.