वृद्धसेवा व्यवसाय, विणकरी वारशाचा (सोलापूर)

घराण्यात चालत आलेले कसब, बोली आणि खाणेपिणे यांच्या भांडवलावर उभा राहणारा वृद्धांच्या शुश्रूषेचा व्यवसाय. सोलापुरात हा वारसा मुख्यतः पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचा.

ही घराणी शहरात केव्हा आली याबद्दल एकमत नाही. माधवराव पेशव्यांच्या काळात पेठ वसवून विणकर आणले, अशी परंपरा आहे. दुसरे मत १८७६–७८ चा दुष्काळ आणि १८७७ मध्ये निघालेली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी यांना महत्त्व देते. पेशवाईतील वस्ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र आजच्या वस्तीचा मोठा भाग मिल निघाल्यानंतरचा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. प्रस्तुत विषयाला हा वाद अगदीच परका नाही. माग घरात होता तोवर घरातली म्हातारी माणसे रहाटावर कांड्या भरत आणि चालत्या कामातच त्यांच्याकडे लक्ष राही. काम मिलमध्ये आणि कारखान्यात गेले तसे दिवसा त्यांच्याजवळ कोणी उरेना.

वारशातील सर्वांत उपयोगी भाग कापडाचा. त्यातही नावाजलेली वस्तू अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली घालू नये. भौगोलिक निर्देशन (विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारी कायदेशीर मान्यता) लाभलेली सोलापुरी चादर जाड जेकार्ड विणीची, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेली असते. पांघरायला उत्तम, पण पंपाने आळीपाळीने फुगणाऱ्या-बसणाऱ्या हवेच्या गादीवर दुमडून अंथरली की गादीच्या फुगण्या-बसण्याचा दाब पाठीपर्यंत पोचत नाही आणि माकडहाडावर जखम होते. गादीवर एकच पातळ सुती चादर, तीही सुरकुती न ठेवता. गादी पुरेशी फुगली आहे का हे पाहायला माकडहाडाच्या रेषेत गादीखाली तळहात सरकवावा. हाड हाताला लागले तर हवा कमी. वीज गेली की पंप थांबतो. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

टॉवेलच्या कारखान्यात अंगाखाली घालायचे, लघवी टिपणारे शोषक पॅड (साधारण ७५ × ९० सेंमी) सहज शिवता येते. चूक बहुधा थरांच्या क्रमात होते. विणकराचा हात सवयीने टॉवेलचे फासे वर ठेवतो, पण भिजलेले फासे कातडीला ओलेच लागून राहतात. वर गुळगुळीत पातळ सुती कापड, मध्ये टेरी (फासे असलेले टॉवेलचे कापड), खाली ओल अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दिलेले कापड हा क्रम बरा. रेक्झिन स्वस्त पडते; सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र त्यावर पाठ घामाने भिजते. नव्या टेरीत खळ आणि सॉफ्टनर असल्याने पाण्याचा थेंब वरच तरंगतो, म्हणून कापड आधी दोनतीनदा धुऊन मगच बेतावे. न धुता बेतले तर सुती थर आटतो, खालचा आटत नाही आणि पॅडच्या कडा वळतात. शिवण अंगाखाली येऊ देऊ नये. मळलेले पॅड प्रथम गार पाण्यात खळबळावे, कारण गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के बसतात. धुताना पुन्हा सॉफ्टनर घालू नये आणि इस्त्री फिरवू नये. उष्णतेने खालचा थर सुटतो.

बोलीचा वारसा कमी दिसतो, पण तोलामोलाचा आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी विरते. आयुष्यभर मराठीत व्यवहार केलेल्या आजी पाणी मागताना ‘नीळ्ळु’ म्हणतात. मागणी न कळल्याने होणारी चिडचिड पुष्कळदा हट्ट समजली जाते. तेलुगू किंवा कन्नड घरातली मदतनीस इथे कामी येते.

आहारातही तोच विवेक लागतो. गिळताना ठसका लागत असेल तर कडक भाकरी आणि शेंगांची कोरडी चटणी बंद. चटणीचे कण घशात सुटे होतात. पातळ पाणीही श्वासनलिकेत शिरू शकते. ज्वारीची आंबील गाठी न राहू देता, चमच्यावरून सावकाश घसरेल इतकी दाट करावी. दाटपणा किती हवा हे तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवावे व नंतर अर्धा तास आडवे करू नये.

व्यवहाराची बाजू सहसा ‘घरच्यासारखं बघू’ एवढ्या बोलीवर चालते आणि तिथेच बिनसते. कामाचे तास, रात्रपाळी आणि सुट्टीतला बदली माणूस लिहून ठेवावा. कूस बदलल्याची वेळ, लघवी व खाणे यांची वही खाटेजवळ असावी. इंजेक्शन व नळीतून अन्न ही कामे प्रशिक्षण नसलेल्या मदतनिसाकडे देऊ नयेत. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा. त्यात निर्वाहाचे दावे न्यायाधिकरणापुढे चालतात, सेवा विकणाऱ्याच्या कामाचा दर्जा मात्र त्यातून ठरत नाही.