७२०० आरपीएमची डिस्क टाकली की कॉम्प्युटर पळतो?

‘५४००ची काढा, ७२००ची टाका, मशीन पळेल’ हा सल्ला दुकानात अजूनही मिळतो. आरपीएम म्हणजे हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. हिशेब करून बघा. ५४००च्या डिस्कवर हवी ती जागा फिरत हेडखाली, म्हणजे डेटा वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी ५.६ मिलिसेकंद लागतात, ७२००वर ४.२. वाचले किती? दीडसुद्धा नाही! वर हेड इकडून तिकडे सरकायला आणखी ८-१० मिलिसेकंद जातातच. फेरे वाढवून ते कमी होत नाहीत. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली अशाच शोधाव्या लागतात, म्हणून ती करकर. एसएसडीत (चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. जुन्या लॅपटॉपला साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडीही पुरते. लग्नाचे व्हिडिओ साठवायला मात्र ५४००चीच घ्या, स्वस्त पडते.