कोणाचे मृत्यू मोजले? टर्म विम्याच्या हप्त्यामागचा तक्ता

०.०००९७७. तीस वर्षांचा भारतीय विमाधारक पुढच्या वाढदिवसाच्या आत दगावण्याची ही शक्यता. सध्या विमा कंपन्या वापरतात त्या ‘२०१२-१४’ च्या मृत्यूदर तक्त्यात तीस वयासमोर हा आकडा आहे. म्हणजे हजारात एकाहूनही किंचित कमी. एक कोटीच्या टर्म प्लॅनला (म्हणजे ठरावीक मुदतीत माणूस दगावला तरच पैसे देणारा मुदत विमा) याने गुणलं की एका वर्षाची निव्वळ जोखीम ९,७७० रुपये येते. त्यावर कंपनीचा खर्च, कमिशन, नफा आणि राखीव निधी चढतो. उलट ग्राहक पगारदार असेल, सिगारेट ओढत नसेल आणि वैद्यकीय तपासणीत पास झाला असेल, तर कंपनी तक्त्यातल्या आकड्याचे काही टक्केच धरते. त्यामुळे प्रत्यक्ष हप्ता याहून कमीही निघू शकतो. पण सुरुवात तक्त्यापासूनच होते, आणि तक्त्यात काय आहे यापेक्षा तो कोणाच्या मृत्यूंवरून केला हे महत्त्वाचं. साडेतीनशे वर्षांतले बहुतेक घोळ तिथेच झाले आहेत.

तक्ता नव्हता तेव्हाही मुदत विमा होता. १८ जून १५८३ रोजी लंडनमध्ये विल्यम गिबन्स नावाच्या मिठाच्या व्यापाऱ्याच्या आयुष्यावर बारा महिन्यांची पॉलिसी उतरवली गेली. रक्कम ३८३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, हप्ता शेकडा ८. पैसे लावणारे लोक एरवी जहाजांचा विमा उतरवणारे. माणसाच्या जिवाचा दर त्यांनी अंदाजानेच ठरवला. गिबन्स पुढच्या वर्षी मे महिन्यात, वर्ष पुरं व्हायच्या आत वारला. तेव्हा विमेकऱ्यांनी महिना म्हणजे २८ दिवसांचा चांद्रमास असा अर्थ लावला आणि मुदत आधीच संपली म्हणून हात वर केले. (आपल्या पंचांगातला चांद्रमाससुद्धा साडेएकोणतीस दिवसांचा असतो!) कोर्टाने ते ऐकलं नाही, पैसे द्यायला लावले. क्लेम नाकारण्याची कला हप्ता मोजण्याच्या शास्त्रापेक्षा जुनी आहे, हे यावरून दिसतं.

मोजायला पहिल्यांदा बसला तो लंडनचा कापड-किरकोळीचा व्यापारी जॉन ग्राँट. प्लेगच्या धास्तीने शहरात दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. त्या चाळून १६६२ मध्ये त्याने लिहिलं की जन्मलेल्या शंभरांपैकी सहाव्या वर्षापर्यंत ६४ उरतात, सोळाव्यापर्यंत ४०, सव्विसाव्यापर्यंत २५. पण त्या याद्यांत मेलेल्याचं वयच नसे. मधले बरेचसे आकडे ग्राँटने तर्काने भरले होते.

खरा तक्ता १६९३ चा, एडमंड हॅलीचा. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो हॅली. आता पोलंडमध्ये असलेल्या, तेव्हाच्या ब्रेसलाव शहरात कास्पर न्यूमन नावाच्या पाद्र्याने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतले जन्म-मृत्यू वयासकट नोंदवून ठेवले होते. हॅलीने लंडन सोडून हे दूरचं गाव का घेतलं? लंडनमध्ये बाहेरून येणाऱ्यांची रीघ होती. तिथे मरणारे सगळे तिथेच जन्मलेले नसत, आणि वय तर लिहिलेलंच नसे. ब्रेसलाव समुद्रापासून लांब, परक्यांची ये-जा कमी, म्हणून हिशेब जुळण्यासारखा. तक्ता कोणावरून करायचा, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारा हा पहिला माणूस.

त्याच्या तक्त्यावर आजच्या पद्धतीने एक हप्ता काढून पाहू. तिसाव्या वर्षी ५३१ जण हयात आहेत. पुढच्या वर्षांत ते ५२३, ५१५, ५०७, ४९९ आणि पस्तिसाव्या वर्षी ४९० होतात. म्हणजे पाच वर्षांत ८, ८, ८, ८ आणि ९ मृत्यू. प्रत्येकाचा हजार रुपयांचा पाच वर्षांचा विमा धरला तर एकूण ४१ हजार रुपये द्यावे लागतील. पण ते पुढे द्यायचे आहेत, आणि हप्त्याचे पैसे तोवर व्याज कमावतात. हॅली धरत असे तेच द.सा.द.शे. ६ व्याज धरलं, तर या देण्याचं आजचं मोल सुमारे ३४,४४६ रुपये होतं. आता दुसरी बाजू. दर वर्षाच्या सुरुवातीला जे हयात असतील तेच हप्ता भरणार: पहिल्या वर्षी ५३१, मग ५२३, असे. तेही व्याजाने मागे आणले की सुमारे २,३०४ हप्त्यांइतकी भर पडते. एकाला दुसऱ्याने भागलं की हप्ता वर्षाला साधारण १५ रुपये येतो. बस, एवढंच. आजचं सॉफ्टवेअर महिन्यामहिन्याचा हिशेब करतं, पॉलिसी मधेच सोडणारे धरतं, पण गाभा हाच. आणि हजारी १५ कुठे, आजचा हजारी १ कुठे!

हॅलीने स्वतःही विम्याचा दर वयावर ठरावा असं लिहून ठेवलं: वीस वर्षांचा माणूस वर्षभर जगेल याची पैज १०० ला १, पन्नास वर्षांच्याची ३८ ला १. (त्याच्याच तक्त्यातून पन्नाशीचा आकडा काढला तर ३० ला १ च्या आसपास येतो, ३८ त्याने कसा काढला, देव जाणे.) पण विमेकऱ्यांनी याकडे जवळजवळ सत्तर वर्षं ढुंकून पाहिलं नाही. १७०६ मध्ये निघालेली अ‍ॅमिकेबल सोसायटी सगळ्या वयांना एकच वर्गणी लावायची आणि ४५ च्या पुढच्याला घेतच नसे. गणिताचा शिक्षक जेम्स डॉडसन ४६ व्या वर्षी तिथून परत फिरला. मग वय कितीही असो, त्या वयाचा रास्त दर काढून विमा देणारी संस्था काढायच्या मागे तो लागला. वयाबरोबर दरवर्षी चढणारी जोखीम सरासरीत आणून सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच हप्ता ठेवायचा, ही कल्पना त्याची. तरुणपणी जरा जास्त भरायचं, ती शिल्लक उतारवयात कामाला येते. संस्था उभी राहायच्या आधी, १७५७ मध्ये, तो वारला. १७६२ मध्ये निघालेल्या इक्विटेबल सोसायटीने त्याचीच रीत उचलली, आणि ‘अ‍ॅक्च्युअरी’ (विम्याची जोखीम आणि हप्ता मोजणारा गणिती) हे पदनामही तिथूनच रूढ झालं.

इक्विटेबलला तक्ता करून दिला रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशकाने, नॉर्थॅम्प्टन गावातल्या एका चर्चच्या दफन-नोंदींवरून. इथे मोठी गंमत झाली. मृत्यू दफनाच्या वहीतून मिळाले, पण जन्म किती हे ठरवायला बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या. त्या गावात बाप्तिस्त पंथाचे लोक बरेच, आणि ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत. त्यामुळे जन्म कमी दिसले आणि त्यांच्या मानाने मृत्यू भरमसाट. तक्त्यातली माणसं खऱ्या माणसांपेक्षा लवकर मरू लागली. विमा कंपनीसाठी ही लॉटरीच: हप्ता जास्त, क्लेम कमी, तिजोरी भरलेली. पण ब्रिटिश सरकारने १८०८ पासून याच तक्त्यावर लोकांना तहहयात वर्षासनं (आधी पैसे भरायचे, मग मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम मिळायची) विकायला घेतली. तिथे लवकर न मरणारा माणूस म्हणजे सरकारला खर्च. सरकारी अ‍ॅक्च्युअरी जॉन फिनलेसनने नुकसानीचे आकडे मांडले, तेव्हा कुठे १८२८ मध्ये ती विक्री थांबली. एकाच चुकीने एकाचं भलं झालं, दुसऱ्याचं दिवाळं निघायची वेळ आली. दरम्यान १८१५ मध्ये जोशुआ मिल्नने कार्लाइल शहराचा तक्ता केला. त्यात मेलेल्यांबरोबर हयात लोकांचीही वयवार गणती होती, म्हणून तो टिकला. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झने प्रौढ वयात मृत्यूचा दर ठरावीक पटीने चढत जातो हे सूत्रात बसवलं.

हिंदुस्थानात १८१८ मध्ये कलकत्त्याला ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. एतद्देशीयांना विमा मिळाला तर जादा हप्त्याने. भारतीय लोक कमी जगतात अशी समजूत होती आणि ती तपासायला आकडेच नव्हते. नेहमीच्या दराने भारतीयांचा विमा उतरवणारी पहिली संस्था मुंबईची, १८७० ची बॉम्बे म्युच्युअल. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ उभी राहिली. पुढे हप्त्यांचे तक्ते अ‍ॅक्च्युअरीने प्रमाणित केले पाहिजेत असं १९१२ च्या कायद्याने ठरलं. मुंबईच्या या ओरिएंटलच्या स्वतःच्या पॉलिसीधारकांवरून झालेला ‘१९२५-३५’ चा तक्ता मग देशातला आधार ठरला. आपल्या माणसांचे मृत्यू अखेर आपल्या हिशेबात आले.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. २४५ कंपन्या आणि संस्था मिळून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ झालं. तक्ता मात्र बराच काळ जुन्या ओरिएंटलचाच. मग महामंडळाच्या अनुभवावरून ‘१९७०-७३’ चा आला, नंतर ‘१९९४-९६’ चा. खासगी कंपन्या आल्यावर सगळ्यांचे आकडे एकत्र करून ‘२००६-०८’ चा झाला, आणि १ एप्रिल २०१९ पासून आताचा. चाळिसाव्या वर्षीचा मृत्यूदर हजारी सुमारे १.८ वरून १.६८ वर आला तो या शेवटच्या दोन तक्त्यांमध्ये. स्त्रिया जास्त जगतात म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांचं वय तीन वर्षांनी कमी धरून हाच तक्ता वाचतात.

हे सगळे तक्ते पॉलिसी घेतलेल्यांचे आहेत, म्हणजे तपासणी झालेल्या, बहुतेक करून बरं कमावणाऱ्या लोकांचे. त्याबाहेरच्या माणसांसाठी मे २०१५ मध्ये प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आली. बँक खातं असलेल्या १८ ते ५० वयाच्या कोणालाही दोन लाखांचा एक वर्षाचा मुदत विमा, हप्ता सरसकट ३३० रुपये. विशीतला आणि पन्नाशीतला एकाच दरात, वैद्यकीय तपासणी नाही. वर्गणीपुरती ही अ‍ॅमिकेबल सोसायटीच झाली. ३१ मार्च २०२२ पर्यंत हप्त्यांपोटी ९,७३७ कोटी रुपये जमा झाले आणि क्लेम १४,१४४ कोटींचे द्यावे लागले. त्यात कोविडचा वाटा होताच. त्याच वर्षी १ जूनपासून हप्ता ४३६ रुपये झाला. त्यातले ३९५ विमा कंपनीला मिळतात, म्हणजे हजारी दोनला थोडे कमी. वयाप्रमाणे वेगळा दर मात्र अजूनही नाही.