शौचकूप उपसणाऱ्यांचे डोळे आणि काळी पडलेली नाणी

सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या मोदेना शहरात घरं उंच आणि एकमेकांना खेटून होती. प्रत्येक घराचा शौचकूप दर तीन वर्षांनी उपसला जाई. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांच्या घरी हे काम चालू असताना एक कामगार जिवाच्या आकांताने फावडं मारताना त्यांना दिसला. इतकी घाई कशाला, असं त्यांनी विचारलं. चार तासांहून जास्त इथे थांबणं म्हणजे आंधळं होणं, असं त्याचं उत्तर होतं. वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल आणि अंधुक झालेले होते. हे लोक घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घेत आणि कोमट पाण्याने डोळे धूत. दृष्टी गेलेले कितीतरी जण शहरात भीक मागत होते. शौचकूप उपसणाऱ्यांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडतात, हेही रामाझ्झिनींनी टिपलं. कामगारांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ १७०० साली छापून आला. व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास पद्धतशीरपणे सुरू झाला तो याच खड्ड्याच्या काठावरून.

डोळे आणि नाणी, दोन्हींचा गुन्हेगार एकच: हायड्रोजन सल्फाइड. मैल्यातल्या प्रथिनांत गंधक असतं, पाण्यात सल्फेट असतं. हवा न पोचणाऱ्या गाळात जिवाणू त्यापासून हा वायू तयार करतात. चांदीवर तो सल्फाइडचा काळा थर चढवतो. डोळ्याच्या ओलाव्यात विरघळून तो पारदर्शक पडद्याचा वरचा थर खरवडतो, आणि मग उजेड सहन होत नाही. अंधारी खोली लागायची ती यामुळे.

डोळ्यांचा त्रास हवेच्या दहा लाख भागांत हा वायू दहा-वीस भाग असला तरी सुरू होतो. या मोजमापाला पीपीएम म्हणतात. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास तर १ पीपीएमच्याही खूप खाली येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. कामगाराला वाटतं, हवा सुधारली. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो. १००० पीपीएमच्या पुढे एक-दोन श्वास पुरतात. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारं एक विकर असतं, त्यालाच हा वायू अडकवून ठेवतो. रक्तात ऑक्सिजन असूनही मेंदू गुदमरतो.

हा वायू जमतो कुठे आणि सुटतो कधी, हे कामाची पद्धत पाहिली की कळतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या टोळीत साधारण चार जण असत. एक खड्ड्यात उतरून फावड्याने पिंप भरी, दुसरा ते दोराने वर ओढी, आणि उरलेले दोघे खांद्यावरच्या दांड्याला पिंप अडकवून गाडीपर्यंत नेत. काम रात्रीच चाले. वरचा पातळ भाग काठावरूनच उपसता येई. पातळी खाली गेली की शिडी लावून उतरावं लागे. खरा धोका इथून पुढे. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात हा वायू सुमारे अडीच लिटर मावतो. साय धरलेल्या गाळाखाली तो शांत असतो. फावड्याने गाळ ढवळला की एकदम बाहेर येतो, आणि हवेपेक्षा जवळजवळ एक पंचमांश जड असल्याने तळाशी, वाकलेल्या माणसाच्या तोंडाजवळ साचतो. म्हणूनच आधी हवा ठीक होती एवढ्यावर कोणी विसंबू नये.

मेणबत्ती किंवा काडी पेटवून खाली सोडायची, विझली नाही तर उतरायचं, ही परीक्षा आपल्याकडे आजही केली जाते. ती जीवघेणी आहे. ज्योत विझते ती ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास घसरल्यावर. १००० पीपीएम म्हणजे अवघा ०.१ टक्का. इतक्या वायूत माणूस मरेल आणि ज्योत तशीच जळत राहील. शिवाय मैल्यातून मिथेनही निघतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असेल तर त्याच ज्योतीने स्फोट होतो.

पॅरिसमधल्या कामगारांनी वायूच्या या झटक्याला ‘प्लॉम्ब’, म्हणजे शिसं, असं नाव दिलं होतं. छातीवर शिशाचं ओझं पडावं तसा तो येई. १७७८ साली लाबोरी, काडे आणि पार्मांतिए यांनी शौचकूपांवर अहवाल लिहिला. बटाट्याला फ्रान्सच्या ताटात नेणारे ते हेच पार्मांतिए. १७८५ मध्ये जाँ-नोएल आले (Hallé) या डॉक्टरांनी या वायूबाधेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

खड्ड्यात काय टाकावं, याचेही प्रयोग झाले. हिराकस (फेरस सल्फेट) टाकली की त्यातलं लोह सल्फाइडला पकडून काळा, न उडणारा साका बनवतं. हा चांगला उपाय. क्लोरीनयुक्त चुना सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करतो. साध्या चुन्याने सामू (पीएच) वाढतो. सामू ७ असताना सुमारे निम्मं सल्फाइड वायुरूपात सुटू शकतं, ९ ला जेमतेम एक टक्का. पण चुन्यामुळे मैल्यातला अमोनिया मोकळा होतो आणि डोळ्यांची आग होतेच. आम्लाचा परिणाम नेमका उलटा. म्हणून टाकी उपसण्याआधी संडासात ॲसिड ओतणं म्हणजे खालच्या माणसावर वायू सोडणं.

आपल्या देशात हे काम जातीने लादलं गेलं, आणि सेप्टिक टँकमध्ये मरणारे आजही बहुतेक त्याच समाजांतले असतात. ही गोष्ट संतापजनक आहे, कारण यातला एकही मृत्यू अटळ नसतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

टाकी उपसायला माणूस आत जायची गरजच नसते. सक्शन टँकरचा पाइप वरून सोडावा. गाळ घट्ट असेल तर पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने सैल करावा. उतरणं टळतच नसेल तर सगळी झाकणं उघडून पंख्याने ताजी हवा आत फुंकायची. गॅसमापक दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली हवा. काम संपेपर्यंत मापक अंगावर चालू ठेवायचा. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क काहीही अडवत नाही; बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा लागतो. अंगावर हार्नेस, त्याचा दोर वर तिकाटण्याच्या चक्रावर, आणि तिथे जागचा न हलणारा माणूस.

हा दोर सर्वांत महत्त्वाचा. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला उतरलेले होते. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो आणि त्याच वायूत कोसळतो. खाली कोणी पडला तर उतरू नका. पंखा किंवा ब्लोअर मिळाला तर हवा आत सोडा, दोर बांधलेला असेल तर ओढा, आणि अग्निशमन दलाला १०१ वर सांगताना ‘टाकीत वायू आहे’ हे आधी सांगा, म्हणजे ते श्वसनयंत्र घेऊन येतील.