दहा लाखांतली एक झोपलेली पेशी

परळला एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या एका गटात मी अधूनमधून बोलायला जातो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे विषाणूबद्दलचे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. गेल्या महिन्यात सगळे पांगल्यावर लालबागच्या एक ताई मागे थांबल्या. त्या डबे करून देतात आणि बारा वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेत आहेत. पिशवीतून त्यांनी गोळ्यांची बाटली काढली. तिच्यात वरपर्यंत कापूस भरलेला होता. गाडीत गोळ्या खुळखुळल्या की शेजारची बाई विचारते, म्हणून. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "सर, यात मला घेतील का?"

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला मजकूर होता. जनुकाची कात्री वापरून एचआयव्ही मुळासकट बरा होतो, ट्रायलसाठी पेशंट हवेत, नोंदणीचे पंधरा हजार भरा आणि चालू गोळ्या बंद करून या. पंधरा हजार म्हणजे त्यांची कितीतरी दिवसांची कमाई. पण माझ्या पोटात गोळा आला तो शेवटच्या वाक्याने.

ताईंच्या रोजच्या गोळीत तीन औषधं असतात, त्यांतलं एक डोल्युटेग्रॅविर. एचआयव्ही आपल्या रक्तातल्या सीडी-फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशीत शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून (त्याच्या जनुकीय मजकुरावरून) डीएनए तयार करतो आणि इंटिग्रेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकतो. डोल्युटेग्रॅविर नेमकी ही जोडणी अडवतं. नवीन पेशी त्यामुळे वाचतात, पण आधीच जोडला गेलेला तुकडा मात्र कुठलीही गोळी बाहेर काढत नाही.

हा तुकडा बसलेल्या बहुतेक पेशी लवकर मरतात. पण सीडी-फोर पेशींमधला एक गट स्मरणपेशींचा असतो. लहानपणी आलेल्या गोवराची ओळख वयाच्या साठीतही शरीराला राहते, ती अशा पेशींमुळे. त्या वर्षानुवर्षं शांत पडून राहतात. अशा पेशीत विषाणूचा डीएनए बसला की तोही तिच्याबरोबर झोपतो. तो काही तयार करत नाही, म्हणून औषधाला अडवायला काही नसतं आणि प्रतिकारशक्तीला दिसायलाही काही नसतं. साधारण दहा लाख विश्रांतीतल्या सीडी-फोर पेशींमागे अशी एखादीच सापडते. या साठ्याला रिझर्व्हायर म्हणतात.

हा साठा आपोआप आटेल का? २००३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने मोजमाप प्रसिद्ध केलं. उत्तम उपचार चालू असताना साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात. आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा अंगात अशा दहा लाख पेशी आहेत. दहा लाखाचे निम्मे, त्याचे निम्मे करत एकावर यायला वीस वेळा निम्मं करावं लागतं. वीस गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, ७३ वर्षं आणि वर चार महिने! हा हिशेब मी दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडतो, आणि शेवटचा आकडा लिहिताना दरवर्षी माझा हात क्षणभर थांबतो.

त्यातही हा हिशेब भाबडा आहे. स्मरणपेशीला तिच्या ओळखीचा जंतू भेटला की ती स्वतःच्या प्रती काढते, आणि त्यात बसलेल्या विषाणूच्या डीएनएचीही प्रत आपोआप निघते. विषाणूला बोटही हलवावं लागत नाही. शिवाय या साठ्यातले बहुतेक तुकडे मोडके, नवा विषाणू तयार न करू शकणारे असतात. त्यामुळे डीएनए मोजणाऱ्या चाचणीत आकडा मोठा दिसतो आणि त्यातले खरोखर धोकादायक किती, ते कळत नाही. पेशी प्रयोगशाळेत वाढवून जागवायच्या म्हटल्या तर पहिल्या खेपेला सगळ्या जाग्या होत नाहीत. एक चाचणी जास्त मोजते, दुसरी कमी.

म्हणून साठा खरंच संपला का, हे बघायचा खात्रीचा मार्ग आज एकच आहे. गोळ्या थांबवायच्या आणि वाट बघायची. विषाणू बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत परततो. एचआयव्ही 'मुळासकट' घालवू पाहणाऱ्या बऱ्याच खऱ्या चाचण्यांतही हा टप्पा येतो, पण तो देखरेखीखाली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वरचेवर तपासत, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की गोळ्या पुन्हा सुरू करून. या काळात जोडीदाराला लागण होऊ शकते, हेही आधी सांगावं लागतं. जनुकाच्या कात्रीची, म्हणजे पेशीत जोडला गेलेला तुकडा कापून काढू पाहणाऱ्या उपचाराची, अमेरिकेतली चाचणी खरीच झाली. तिच्यात गोळ्या थांबवलेल्या तिघांचे निकाल २०२४ मध्ये सांगितले गेले. तिघांमध्येही विषाणू परतला, एकात मात्र १६ आठवड्यांपर्यंत लांबला. शास्त्रज्ञांसाठी ते १६ आठवडे मोलाचे आहेत. ताईंच्या मोबाइलवर त्यांचं 'मुळासकट बरा' झालं.

गोळ्या मध्येच थांबवल्या तर काय होतं, हेही एका चाचणीनेच शिकवलं. स्मार्ट नावाच्या चाचणीत ५,४७२ जण होते. रक्तातल्या सीडी-फोर पेशींचा आकडा चांगला असेल तेव्हा औषधाला सुट्टी द्यावी का, हा प्रश्न होता. सुट्टी घेणाऱ्या गटात मृत्यू किंवा संधिसाधू आजारांचा (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर जडणाऱ्या आजारांचा) धोका अडीच पटींहून जास्त निघाला, आणि जानेवारी २००६ मध्ये भरती थांबवून सगळ्यांना पुन्हा औषध सुरू करण्याचा सल्ला दिला गेला. असा धोका वेळेत ओळखणारं डेटा मॉनिटरिंग बोर्ड, म्हणजे चाचणीचे आकडे तपासत राहणारी समिती, चाचणी घेणाऱ्यांपासून स्वतंत्र असतं.

चाचण्यांत 'आपल्याला उंदीर करतात' असं अजूनही कितीतरी लोक म्हणतात. ती भीती मी खोटी म्हणणार नाही, तिला इतिहास आहे. पण उपचाराखाली असलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण जवळजवळ होत नाही, हे २०११ साली ज्या चाचणीने दाखवलं, तिच्यातल्या १,७६३ जोडप्यांत पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. २०१७ पासून आपल्याकडे सीडी-फोर कितीही असो, निदान होताच औषध मिळतं, त्यामागे त्या जोडप्यांनी दिलेली वर्षं आहेत.

एड्स बरा करतो अशी जाहिरात करणारे काढे, भस्मं आणि अंगारे मात्र माझ्या दृष्टीने गुन्हा आहेत. औषधांच्या नियमावलीत 'परिशिष्ट जे' (Schedule J) म्हणून एक यादी आहे. जे आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, त्यांची. तिच्यात पहिलं नाव एड्सचं आहे.

मग खरी चाचणी शोधायची कशी? भारतात होणाऱ्या चाचण्यांची सीटीआरआय ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे. ताईंना आणि मला त्या मजकुरातली चाचणी तिथे कुठेच सापडली नाही. नोंद असेल तर तिला क्रमांक असतो, सुरुवातीला सीटीआरआय आणि मग वर्ष, महिना. भरती सुरू आहे की संपली, कोणत्या रुग्णालयात आहे, एथिक्स कमिटी (सहभागींचं हित बघून परवानगी देणारी समिती) कोणती, हे सगळं तिथे असतं. एक सावधगिरी हवी: नोंद म्हणजे उपचार गुणकारी असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. आणि एचआयव्ही शोधल्यावर योगासनांपासून समुपदेशनापर्यंत बरंच काही निघतं, फक्त नवीन औषधंच नव्हेत. वाचायला जड गेलं तर आपल्या एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना क्रमांक दाखवावा. १०९७ हा मोफत फोनही आहे.

चाचणीत शिरायला कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरायचं. माहितीपत्रक मराठीत मागायचं, घरी न्यायचं, दोन दिवस ठेवायचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय कुणावरही संशोधन करता येत नाही. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. त्याच नियमांत मला फार आवडणारी एक तरतूद आहे. काही चाचण्यांत संमती घेतानाचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज रेकॉर्ड करायचा. चेहरा नाही. बाटलीत कापूस भरणाऱ्या बाईचा विचार कुणीतरी केलेला आहे.

ताईंनी मजकूर पुसला नाही, गटात सगळ्यांना दाखवायला ठेवला. मग डब्यांच्या हिशेबाची वही काढली आणि पुढे कधी खरी चाचणी भेटलीच तर विचारायचे प्रश्न मला विचारून लिहून घेतले. माझ्या गोळ्या चालू राहणार का? थांबवल्या तर परत कधी सुरू करणार? किती वेळा यायचं आणि गाडीभाडं कोण देणार? चाचणी संपल्यावर ते औषध मला मिळणार का? पाचवा प्रश्न त्यांनी स्वतःच लिहिला: "घरी फोन करणार असाल तर कोण म्हणून करणार?"